डेडस्टॉक

शाळेचा प्रभार द्यायचा म्हणजे आधी डेडस्टॉक रजिस्टर काढावं लागतं. सरकारी कागदावर त्याचं नाव ‘जडवस्तू संग्रह नोंदवही’ असं आहे, पण 36 वर्षांच्या नोकरीत ते नाव मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. पंचायत समितीच्या शिपायापासून गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत सगळे डेडस्टॉकच म्हणतात.

2024 च्या एप्रिलअखेर मी निवृत्त झालो. नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याहून कन्हान नदीच्या काठाकाठाने सात-आठ किलोमीटर गेलं की आमची जिल्हा परिषदेची शाळा. ज्यांच्याकडे प्रभार द्यायचा त्या मॅडम 2010 च्या भरतीतल्या. विदर्भातलं एप्रिलचं ऊन; पत्र्याखालच्या खोलीत बसवेना, म्हणून व्हरांड्यात सतरंजी अंथरली, माठ जवळ ओढून घेतला आणि एकेक नग तपासायला बसलो. मॅडम रजिस्टरातून वाचत, मी कपाटातून काढून दाखवी. पृथ्वीगोल, नग एक : आहे, आस मोडका. विज्ञान पेटी, नग एक : आहे. रेडिओ-कॅसेट प्लेअर, नग एक. रंगीत दूरदर्शन संच, नग एक. संगणक संच, नग दोन.

‘‘सर, हे तं नवंच्या नवं आहे,’’ त्या टू-इन-वन रेडिओ-कॅसेट प्लेअरवरची प्लॅस्टिकची पिशवी काढत मॅडम म्हणाल्या.

होतंच. तीस-बत्तीस वर्षांचं यंत्र, पण बटणांवरची अक्षरं पुसली गेली नव्हती, कॅसेटच्या झाकणावर ओरखडा नव्हता. खोक्यातला थर्मोकोलसुद्धा शाबूत. दर मार्चला मी त्याच्यासमोर ‘सुस्थितीत’ असा शेरा लिहीत आलो होतो. वस्तू इतकी सुस्थितीत कशी, हे इतक्या तपासण्यांत मला कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

मी रुजू झालो तेव्हा गुरुजी होतो, निवृत्त झालो तेव्हा सर. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं नावही असंच बदलत गेलं. आधी ‘उद्बोधन वर्ग’, मग ‘सेवांतर्गत प्रशिक्षण’, मग ‘सक्षमीकरण’, आणि आता ‘सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास’. नाव लांबत गेलं तसे दिवस आखडत गेले. दहाचे पाच झाले, पाचाचे दोन, आणि आता हिशेब तासांवर आला आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात दर शिक्षकाला वर्षाला 50 तास असं लिहिलेलं आहे.

माझी पहिली नेमणूक 1988 च्या जुलैची. पगार 1200 रुपयांच्या मूळ श्रेणीतला. नागपूरहून भंडाऱ्याची लाल गाडी पकडायची, मौद्याच्या स्टँडवर उतरायचं, तर्रीत बुडवलेला आलूबोंडा खायचा आणि पुढे सायकल. धानाचा मुलूख, जुलैत रोवणा. पहिल्या दिवशी पटावर 58 पोरं आणि वर्गात 19. बाकीची बांधीत चिखल तुडवत होती. हेडमास्तरांनी मला शाळा दाखवली म्हणजे एक खोली, एक पडवी आणि एक लोखंडी कपाट दाखवलं. कपाटाची किल्ली जानव्याला बांधलेली.

1986 च्या शैक्षणिक धोरणातून पुढच्याच वर्षी खडू-फळा मोहीम निघाली होती. प्रत्येक प्राथमिक शाळेला पावसात टिकतील अशा दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याचा संच. नकाशे, पृथ्वीगोल, गणित पेटी, विज्ञान पेटी, ढोलक, शाळेची घंटा. आमच्याकडे तो संच बैलगाडीतून आला. गावातल्या पोरांनी गाडीमागे मिरवणूक काढली. हेडमास्तरांनी एकेक वस्तू मोजून रजिस्टरात चढवली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि मग पोरांकडे वळून म्हणाले, ‘‘पाहून घेतलं ना? चला, पाढे म्हणा.’’

त्यांना हसणं सोपं आहे. मी हसलोही होतो. पण त्यांचं गणित चोख होतं. परीक्षानळी फुटली तर तिची किंमत हेडमास्तरच्या पगारातून. न फुटता वीस वर्षं कपाटात राहिली तर शेरा ‘सुस्थितीत’. अशा हिशेबात कोणता शहाणा माणूस परीक्षानळी चौथीच्या पोराच्या हातात देईल? पुढे मी स्वतः हेडमास्तर झालो तेव्हा किल्ली माझ्या कमरेला आली, आणि तेव्हा माझं हसू गेलं.

त्या पेट्या कशा वापरायच्या याचा उद्बोधन वर्ग मौद्याला भरला. दहा दिवस. आसपासच्या केंद्रांतले पन्नासेक गुरुजी आणि मोजून चार बाई. सकाळी समूहगीत, मग कालच्या दिवसाचा अहवाल. हे अहवालवाचन हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार होता. ज्याची पाळी असे तो रात्रभर जागून यमकं जुळवी आणि जेवणातल्या वरणाच्या पातळपणापर्यंत सगळं त्यात आणी. मग व्याख्यान. तिसऱ्या दिवशी विज्ञान पेटीचा तास होता. पेटी टेबलावर आली, पण तिला सील होतं, आणि सील तोडण्याचा अधिकार कोणाला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. साधनव्यक्तींनी मग पुस्तिकेतली चित्रं दाखवून ती पेटी शिकवली. आम्ही ती वहीत उतरवून घेतली. भिंगाचं चित्र माझ्या वहीत फार सुबक आलं होतं.

पण त्याच वर्गात, दुपारच्या सुट्टीत, रामटेककडच्या एका वयस्क गुरुजींनी पिशवीतून एक कापड काढलं. मीटरभर मांजरपाट. त्याला दर वितीवर तीन बोटांची चुणी घालून दोन्ही कडांना धावदोरा घातलेला. वरखाली बांबूच्या कामट्या. टांगलं की एकाखाली एक पाच लांबट खिसे तयार. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर शाईने शब्द लिहून कापलेल्या पट्ट्या त्यांनी त्या खिशांत खोवल्या. ‘कमल’, ‘नमन कर’, ‘बैल’, ‘चारा’, ‘खातो’. पट्ट्या उचलायच्या, जागा बदलायच्या, वाक्य मोडायचं, दुसरं करायचं. ‘चारा बैल खातो’ झालं की पोरं हसतात, आणि हसली की समजायचं वाचता आलं. आम्ही आठ-दहा जण भोवती बसलो. संध्याकाळी मौद्याच्या बाजारातून मांजरपाट आणला आणि जिथं मुक्कामाला होतो तिथं कंदिलाजवळ बसून टाके घातले. माझा धावदोरा वाकडा गेला होता. गुरुजी म्हणाले, ‘‘असू द्या हो, पोरं टाके नाही मोजत.’’ दहा दिवसांत माझ्या हाताला लागलेली वस्तू म्हटली तर ती एवढीच. ती कुठल्या वेळापत्रकात नव्हती.

त्याच वर्गाचं दुसरं वास्तवही सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळं गोडच वाटेल. दोन शिक्षकी शाळेतला एक दहा दिवस प्रशिक्षणाला गेला म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात चार वर्ग. तो आजारी पडला तर शाळेला कुलूप. दुपारी तीननंतर अर्धे गुरुजी डुलक्या घेत, दोघे-तिघे हजेरीपटावर सही ठोकून भंडाऱ्याच्या गाडीत बसत, आणि शेवटच्या दिवशी प्रवासभत्त्याच्या बिलाइतकं मन लावून काहीच भरलं जात नसे. ते दिवस सोन्याचे होते असं म्हणणाऱ्या माझ्या निवृत्त मित्रांना मी नेहमी विचारतो : तू त्या दहा दिवसांतलं वर्गात काय केलंस, एक सांग. बरेच जण विषय बदलतात.

टू-इन-वन आलं ते याच्या पाठोपाठ. केंद्र सरकारची शैक्षणिक तंत्रज्ञानाची योजना होती. प्राथमिक शाळांना रेडिओ-कॅसेट प्लेअर आणि वरच्या वर्गांच्या शाळांना रंगीत टीव्ही. आमची शाळा पुढे सातवीपर्यंत झाली आणि टीव्हीही आला. पुण्यात 1984 साली ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली होती; शाळेच्या मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करून ते दूरदर्शनवरून दाखवायचे, हे तिचं काम. कार्यक्रम चांगले असत. माझ्या मुलाने घरी बसून पाहिले. शाळेत मात्र त्यांची वेळ आणि आमच्या घंटेची वेळ जुळली नाही, जुळली तर लाइट नसे, लाइट असली तर अँटेना माकडांनी फिरवलेला. बालचित्रवाणी 2017 साली बंद झाली. आमचा टीव्ही तेव्हाही सुस्थितीत होता.

गंमत अशी की शिक्षकांना यंत्रावरून शिकवण्याचा देशातला पहिला मोठा प्रयोग आमच्या मौद्याच्याच रस्त्यावर, पण पार पुढे जाऊन झाला होता. मौद्यावरून जाणारा महामार्ग भंडारा, देवरी करत रायपूरला जातो. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असं एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-6 हा उपग्रह भारतासाठी वळवून घेतला होता. ‘साइट’ म्हणत त्या प्रयोगाला. सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण तेव्हाच्या मध्य प्रदेशातला रायपूरकडचा भाग होता. त्या वर्षी सुट्टीच्या दिवसांत हजारो प्राथमिक शिक्षकांना टीव्हीसमोर बसवून विज्ञान कसं शिकवावं याचं प्रशिक्षण दिलं. नुसतं दाखवून थांबले नाहीत. टीव्ही बघायचा, रेडिओ ऐकायचा, आणि मग हाताने प्रयोग करायचा, अशी सांगड होती. वर्ष संपलं आणि उपग्रह परत गेला.

मी डी.एड.ला होतो त्याच वर्षी, 1986 मध्ये, अमेरिकेतल्या लॅरी क्युबन नावाच्या शिक्षणाच्या अभ्यासकाचं एक पुस्तक निघालं होतं. ते मला कळलं फार उशिरा, निवृत्तीच्या आसपास, मुलाकडून. शिक्षक आणि यंत्रं असा त्याचा विषय. सिनेमा आला, रेडिओ आला, टीव्ही आला. दर वेळी आता शाळा बदलणार म्हणून डांगोरा पिटला, आणि दर वेळी यंत्र वर्गाच्या कोपऱ्यात गेलं. एडिसनने तर 1913 सालीच सांगून टाकलं होतं की सिनेमापुढे शाळेतली पुस्तकं लवकरच मोडीत निघतील. म्हणजे डेडस्टॉकला देश नाही. फक्त तिथल्या मास्तराच्या पगारातून कापून घेत होते की नाही, ते त्या पुस्तकावरून काही कळत नाही.

नव्वदच्या दशकात प्रशिक्षणांचा पूर आला. क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, त्याचं प्रशिक्षण. ‘स्मार्ट पीटी’ नावाचं राज्यभराचं प्रशिक्षण. मग 2001 नंतर सर्व शिक्षा अभियान आणि त्याचे गट साधन केंद्र, समूह साधन केंद्र. सगळ्यांची रीत एकच. पुण्यात काही जणांना शिकवायचं, त्यांनी जिल्ह्यात येऊन शिकवायचं, जिल्ह्याच्यांनी तालुक्याला, तालुक्याच्यांनी केंद्रात. आमच्याकडे पेंचच्या कालव्याचं पाणी येतं. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याची बांधी भरून वाहते, आणि टेलवरचा शेतकरी रात्री कंदील घेऊन कोरड्या पाटात उभा असतो. आम्ही टेलवरचे. पुण्याच्या तज्ज्ञाने जे दोन दिवस करून दाखवलं असेल, ते आमच्यापर्यंत येईस्तोवर एका दुपारचं वाचन झालेलं असे. साधनव्यक्ती पुस्तिका वाची. ‘‘पुढलं तुम्ही समजून घ्या,’’ म्हणे. आम्ही समजून घेत असू.

मग आलं एमएस-सीआयटी. पुण्याच्या एमकेसीएलचा हा अभ्यासक्रम शासनाने कर्मचाऱ्यांना सक्तीचा केला. केला नाही तर वेतनवाढ थांबणार. वेतनवाढीचं नाव काढल्यावर मौदा तालुक्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या गुरुजींनी जशी संगणकाची आवड दाखवली, तशी कुठल्याही व्याख्यानाने दाखवली नसती. स्टँडमागच्या एका गाळ्यात सेंटर होतं. शिकवायला कोण, तर माझ्याच हाताखाली चौथी झालेला पोरगा. ज्याचा हात धरून मी ‘अ’ गिरवून घेतला, तो आता माझा हात माउसवर ठेवत होता.

माझा हात थरथरत होता. टिचकी एकदा मारायची की दोनदा, दोनदा तर किती घाईने, आणि चुकलं तर काय उडेल, याचा घाम फुटला होता. इतक्या वर्षांच्या डेडस्टॉकने हात असा घडवला होता की यंत्र दिसलं की तो मागे जाई. पोराने ते ओळखलं.

‘‘गुरुजी, काहून भेता? दाबा बिनधास्त. बिघडत नाही ते.’’

बिघडत नाही. उद्बोधनापासून सक्षमीकरणापर्यंत कुठल्याही साधनव्यक्तीने हे वाक्य आम्हाला सांगितलं नव्हतं. मी महिनाभरात माझं नाव, गावाचं नाव आणि गळती झालेल्या मुलांची यादी टाइप केली. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली तर सगळी अक्षरं म्हणजे कावळ्याचे पाय. फॉन्ट नव्हता. पोरगा म्हणाला, ‘‘हे मात्र बिघडतं.’’

शाळेला संगणक मिळाले तेव्हा भारनियमन जोरात होतं. शाळेच्या वेळेतले तास हमखास अंधाराचे. त्याच सुमारास मौद्याला एनटीपीसीच्या वीज प्रकल्पाचं काम उभं राहत होतं. आज त्याची क्षमता 2320 मेगावॅट आहे. आमच्या मैदानातून त्याची धुराडी दिसतात. पोरांनी एकदा विचारलं, गुरुजी, इथली लाइट जाते कुठं? भूगोलाच्या पुस्तकात उत्तर होतं, ते मी सांगितलं. पोरांचं समाधान झालं नाही. माझंही नव्हतं.

2015 च्या 22 जूनला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि हवा बदलली. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या संदीप गुंड यांच्या डिजिटल शाळेचं नाव आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत ऐकलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवत होते. पुढे बालभारतीने ते सगळ्याच पुस्तकांत छापले, आणि 2020 च्या डिसेंबरात डिसले गुरुजींना 10 लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. मला स्वतःला पुरस्कारापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं अप्रूप वाटलं. जिल्हा परिषदेच्या एका मास्तराने केलेली गोष्ट खालून वर पुण्याला गेली, आणि तिथून सगळीकडे पसरली. कालव्याचं पाणी उलटं चढलं. असं मी नोकरीत पहिल्यांदाच पाहत होतो.

आमच्या मॅडम तेव्हा पाच-सहा वर्षांच्या नोकरीच्या. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द नुकताच निघाला होता आणि त्या तंत्रस्नेही होत्या. मी नव्हतो. एका दुपारी त्यांच्या दुसरीच्या वर्गात हसण्याचा गलका ऐकून मी गेलो. टेबलावर स्टीलचा गडू, गडूत मोबाइल. पुस्तकातल्या चौकोनावर त्यांनी तो धरला होता, कविता सुरू झाली होती, आणि तीस पोरांना आवाज पुरत नाही म्हणून तो गडूत उभा केला होता. गडूतून आवाज असा घुमत होता, जणू आत कोणी बसून गातंय. चाल संपल्यावर एका पोरीने उठून गडूत डोकावून पाहिलं.

मी म्हटलं, मलाही दाखवा. मॅडमनी सुट्टीत पंधरा मिनिटांत दाखवलं. पंधरा मिनिटं. एवढ्या काळात उद्बोधन वर्गात समूहगीत आणि अहवाल व्हायचा. मी त्याच आठवड्यात मुलाकडून त्याचा जुना मोबाइल मागून घेतला आणि चौथीला कन्हानचा नकाशा उपग्रहातून दाखवला. पोरांनी आधी आपापली घरं शोधली, मग नदी. मग एकाने मिरचीची वाडी शोधून काढली आणि ती कोणाची यावर भांडण झालं. भूगोलाच्या तासाला भांडण झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि सोडवलं नाही.

2020 साल सगळ्यांनाच माहीत आहे. शाळा बंद, रोज व्हॉट्सॲपवर अभ्यास, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’. आमच्या पटावरच्या दर तीन घरांमागे एका घरी चालता मोबाइल, आणि तो सकाळी बापाबरोबर कामावर जाणारा. त्यात ऑगस्टच्या अखेरीस पेंचच्या धरणांचं पाणी सुटलं आणि कन्हान गावात शिरली. काठच्या गावांत घरंच्या घरं गेली. शाळेत गुडघाभर पाणी. उतरलं तेव्हा संगणकांच्या डब्यांवर गाळाची एक सरळ रेघ उमटली होती. ती आजही आहे. क्यूआर कोड छापलेली पुस्तकं फुगून भाकरीसारखी झाली होती. मॅडम आणि मी पोरांच्या अंगणात फिरून शिकवत होतो. कडुनिंबाच्या फांदीला खिशांचा तक्ता अडकवायचा आणि खाली गडूत मोबाइल. त्या वर्षी आमच्याकडे शाळा म्हणजे एवढंच सामान होतं.

प्रशिक्षणही त्याच वर्षी मोबाइलमध्ये आलं. दीक्षा हे व्यासपीठ 2017 पासून होतं, ‘निष्ठा’ प्रशिक्षण 2019 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं होतं. कोरोनात ते पूर्ण ऑनलाइन झालं. 18 घटकसंच. प्रत्येकात व्हिडिओ, वाचन, शेवटी प्रश्न. संध्याकाळी घरी, स्वतःच्या रिचार्जवर. काही घटक फार चांगले होते. पायाभूत वाचनाबद्दलचं जे मला वीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं, ते मी सोफ्यावर बसून ऐकलं. आणि काही वेळा मोबाइल चार्जिंगला लावून व्हिडिओ आपोआप पुढे सरकू दिला, हेही खरं. मौद्याच्या उद्बोधन वर्गात डुलक्या घ्यायला निदान तिथंवर जावं लागत होतं. प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर फिरत. प्रमाणपत्र आलं की त्याचा रंगीत प्रिंट काढून फाइलला. एका ऑनलाइन प्रशिक्षणात तर मुदतीच्या रात्री लिंकच उघडेना. तालुक्यातले शे-दोनशे शिक्षक बारा वाजेपर्यंत एकमेकांना ‘तुमचं उघडलं का?’ एवढंच विचारत होते. ती रात्र म्हणजे बऱ्याच वर्षांनी आम्हा सगळ्यांची एकत्र भेट होती.

मला खटकतं ते पैशाचं. पूर्वी सरकार प्रशिक्षणाला बोलवी तेव्हा भाडं देई, वरण-भात घाली आणि यंत्र स्वतःचं आणे. आता यंत्र मास्तराचं, डेटा मास्तराचा, वेळ मास्तराच्या घरचा. हजेरी त्याच मोबाइलवर, पोषण आहाराची माहिती त्याच्यावर, ‘अति तातडीचे’ पत्रही त्याच्यावर. शाळेचं सगळ्यात राबणारं यंत्र आज शिक्षकाच्या खिशात आहे आणि त्याचा एक पैसाही शाळेच्या खात्यात दिसत नाही. 50 तासांचा हिशेब मांडणाऱ्यांनी निदान दर शिक्षकाच्या रिचार्जची तरतूद करावी, आणि त्या तासांतले पाच तरी एका शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसण्यासाठी ठेवावेत. गडूत मोबाइल ठेवण्याचा घटकसंच दीक्षावर नाही. तो शेजारच्या वर्गातच बघायला मिळतो.

तर एप्रिलातली ती सकाळ. मॅडम वाचत होत्या, मी दाखवत होतो. मोडकं, गंजलेलं, पुरात भिजलेलं निर्लेखनाच्या यादीत टाकत होतो. टू-इन-वनपाशी त्या थांबल्या. चालू वस्तू, तिचं निर्लेखन करता येत नाही. मग आम्ही ते लावून पाहिलं. कपाटाच्या तळाशी बालगीतांची एक कॅसेट होती. घातली, एक कडवं वाजलं आणि फीत आत गुंडाळली गेली. मॅडमनी पेन्सिल घालून ती हळूहळू सोडवली, तसं माझ्या लक्षात आलं की हे कोणी त्यांना शिकवलेलं नाही.

‘‘आता लिहू का, नादुरुस्त?’’

‘‘लिहा,’’ मी म्हटलं. त्याच्यापुढचा ‘सुस्थितीत’ पहिल्यांदाच खोडला गेला.

शेवटचं पान आलं. मॅडमनी स्वतःचा मोबाइल वर धरला. ‘‘आणि हा? हा चढवायचा का सर?’’ दोघंही हसलो. मग त्यांनी भिंतीवरच्या खिशांच्या तक्त्याकडे पाहिलं. 1988 चा मांजरपाट. पुराच्या वर्षीपासून पिवळा पडलेला, एक कामटी बदललेली, धावदोरा अजून वाकडा. रजिस्टर मागून पुढे चाळलं. त्याचीही नोंद कुठे नव्हती. कपडा माझा, टाके माझे, तेव्हा तो चढवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. त्याचा प्रभार मी दिला नाही आणि मॅडमनी घेतला नाही. सह्या झाल्या.

विदर्भातल्या शाळा त्या वर्षी 1 जुलैला उघडल्या. दुसऱ्याच दिवशी मॅडमचा फोन आला. ‘‘सर, पहिलीला पट्ट्या कमी पडून राहिल्या. लग्नपत्रिका असतील तं पाठवा ना.’’ मी घरात शोधल्या. चार सापडल्या. हल्ली पत्रिकाही व्हॉट्सॲपवर येतात.

तुमच्याकडे जाड कागदाच्या, एका बाजूने कोऱ्या अशा जुन्या पत्रिका पडल्या असतील तर रद्दीत घालू नका. जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या बाईंना नेऊन द्या.